पाळी चुकली

वैरागच्या बाजारपेठेत काशम्माची ओळख दोन गोष्टींनी होती. एक तिची कडक भाकरी आणि दुसरी तिची भीती. भाकरी पापडासारखी पातळ, चुलीच्या अंगाला उभी करून वाळवलेली, महिनाभर बिघडायची नाही. भीती मात्र रोजच्या रोज ताजी. पाल चुकचुकली की काशम्मा दचकायची, एसटीत बसली की ड्रायव्हरच्या मानेकडे बघत शिवा शिवा करायची. कोणी सहज "काशम्मा, जरा हिकडं या" म्हटलं तरी ती हातातलं काम टाकून उभी राहायची. गल्लीतल्या बायका मुद्दाम मागून येऊन तिला भ्या करायच्या. तिच्या हातातलं पीठ उडायचं, आणि मग सगळ्यांच्या आधी तीच हसत सुटायची.

हसायची, पण भीती काही जायची नाही. आणि ती उगाच आलेली नव्हती. अक्कलकोटपलीकडच्या कानडी मुलखातून लग्न होऊन ती वैरागला आली तेव्हा तिला मराठीतलं पाणी आणि मीठ सोडून फारसं काही कळत नव्हतं. आजूबाजूला भांडण चाललंय की लग्नाची बोलणी, हे नुसत्या आवाजावरून ओळखायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच राहायचं की नाही? पुढं मराठी आली. गिऱ्हाइकाला घासाघीस करू देणार नाही इतकी चांगली आली. घरात मात्र कानडीच राहिली, आणि मराठी शब्द आपल्याला नीट कळला की अर्धाच, ही धाकधूकही राहिली.

दुसरं कारण पाळीच्या तापाचं. डीडीटीचे फवारणीवाले घरोघर यायला लागण्याच्या आधीची गोष्ट. त्या काळात हा ताप एक दिवस आड करून, ठरल्या वेळी यायचा. आज माणूस गाढवासारखा थरथरतोय आणि उद्या उठून बाजाराला चाललाय, असा त्याचा कारभार. काशम्माची जाऊ बसम्मा पाचव्या महिन्यात होती तेव्हा तिला तो ताप धरला. वैद्यानं कोयनेल दिलं. कोयनेल म्हणजे कडूजहर गोळी. ती घेतली की कान वाजायचे. बसम्मा डोकं दाबून म्हणायची, "काशी, माज्या कानात कुणीतरी रहाट फिरवायलंय गं." ताप उतरला. पण दोन दिवसांनी मूल पडलं आणि पाठोपाठ बसम्माही गेली. ताप तिला घेऊन गेला की गोळी, हे सांगायला कोणी नव्हतं. काशम्मानं आपल्यापुरता निकाल लावून टाकला. पोटुशीनं कोयनेल घेतलं की मूल राहत नाही.

पुढं तिच्या नवऱ्याला, संगप्पाला, तोच ताप आला, आणि बार्शीहून कोयनेल येईपर्यंत उशीर झाला. म्हणजे गोळी घेतली म्हणून एक गेली आणि गोळी मिळाली नाही म्हणून एक गेला. अशा बाईनं घाबरू नये तर काय करावं?

एकुलता शिवपुत्र तिनं भाकऱ्या थापून वाढवला. तो कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागला, सुट्टीपुरता घरी यायचा. त्याची बायको दाक्षायणी काशम्मापाशीच असायची. सासूसारखीच कानडी मुलखातली, हाताला चपळ, बोलायला मोजकी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि दोनदा तिची कूस भरून रिकामी झाली होती. दुष्काळाच्या त्या वर्षी, त्र्याहत्तर साली, ज्वारी निवडता निवडता ती सासूच्या कानाला लागली.

"अत्ती, दोन म्हैने झाले."

काशम्माच्या हातातलं सूप खाली पडलं. आनंद झाला, पण तिच्याकडे आनंदसुद्धा भीतीच्या हाताला धरूनच यायचा. तिनं चटकन दार लावून घेतलं आणि सुनेला बजावलं, "चौथा लागूस्तवर कुणाला बोलायचं न्हाय. शिवपुत्रालाबी न्हाय." लिंगायताच्या घरात बायका महिन्याला बाजूला बसत नाहीत, त्यामुळे गल्लीला आपोआप कळायचा प्रश्न नव्हता. दोघींनी ती गोष्ट पोटात ठेवली.

त्या वर्षी पाण्याचे हाल होते. नळाला आठवड्यातून कधीतरी धार यायची, टँकर येईल तेव्हा येईल. पाणी संपेल या धास्तीनं काशम्मानं रांजण, घागरी, तेलाचे जुने डबे, इतकंच काय, भाकऱ्या ठेवायचं पिंपसुद्धा भरून ठेवलं होतं. वरचं वापरायचं आणि वरून नवं ओतायचं, तळाला हात लावायचा नाही. गल्लीत सगळ्यांच्या घरी हेच. भरदिवसा पायाच्या घोट्यांना डास चावायचे. काशम्मा ते पदरानं झटकायची, आणि जगात भिण्यासारख्या इतक्या गोष्टी असताना नेमकी डासाला तेवढी भ्यायची नाही.

फाल्गुनात ताप आला. सकाळी दाक्षायणी चांगली भाकऱ्या थापत होती. दुपारी चुलीपुढं बसल्या जागी तिला हुडहुडी भरली. हातातला गोळा परातीत पडला, दात वाजायला लागले. "अत्ती, चळी, चळी," एवढंच ती म्हणत राहिली.

शेजारची शेळ्यांवाली चिमाबाई दूध घेऊन दारात आली होती. ती तिथंच थबकली. "अगं बया, सून चळ चळ काय म्हंती? पोरीला चळ भरला का काय?"

"चळी म्हंजी थंडी गं बाई, आमच्यात," काशम्मा म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुनेच्या कपाळावर भाकरी भाजेल असा ताप होता. ही हुडहुडी तिनं पाहिली होती. बसम्माची पाहिली होती, संगप्पाची पाहिली होती. पाळीचा ताप परत आला, आणि आला तो नेमका या घरात, नेमका या महिन्यात.

पेठेत श्रीमंत डॉक्टरांचा दवाखाना होता. श्रीमंत हे त्यांचं नाव, बाकी कोटाची कोपरं विरलेली. माणूस भला. पण त्या दिवसांत बाकावर आणि पायऱ्यांवर तापाची माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि डॉक्टर एकाची जीभ बघता बघता दुसऱ्याला सुई टोचत होते. दाक्षायणीची नाडी धरून, ताप बघून त्यांनी मान हलवली.

"मलेरिया. सगळ्या गावात तोच आहे."

"पाळीचा ताप व्हय?"

"तोच की." त्यांनी पांढऱ्या गोळ्या काढून दिल्या.

काशम्मानं पुडीकडे पाहिलं आणि धीर करून विचारलं, "डागदरसाब, ह्ये कोयनेल तर न्हाय नव्हं?"

डॉक्टरांना हसू आलं. पुढच्या माणसाचा हात हातात घेत ते मोठ्यानं म्हणाले, "कोयनेलचे दिवस गेले, काशम्मा!"

नेमकं तेव्हाच बाकावरच्या कुणाचं तरी पोर किंचाळलं. काशम्माला ऐकू आलं ते एवढंच, "दिवस गेले, काशम्मा!" ती जागच्या जागी गोठली. नाडी धरून ओळखलं बाई ह्यांनी! आणि तेही एवढ्या पुरुष माणसांत बोलून दाखवलं! तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि सुनेला धरून धूम ठोकली. वाटेत मात्र तिला जरा हायसं वाटलं. डॉक्टरांना कळलंय म्हणजे त्यांनी कळूनसवरून गोळ्या दिल्यात. त्या बाळाला बाधणार नाहीत.

पांढऱ्या गोळ्या दाक्षायणीनं घेतल्या आणि ताप उतरला. आपण बसवण्णाला नारळ बोलावा, एवढा विचार काशम्मा करते न करते तोच सून अंथरुणातून उठायला गेली आणि ओरडून खाली बसली. घोटे धरलेले, गुडघे धरलेले, बोटं गाजरासारखी सुजलेली. वाटी हातात धरवेना. भिंतीला धरून, कमरेत वाकून, म्हातारीसारखी ती मोरीपर्यंत जायची, आणि जाता जाता रडायची. अशी दुखणी पाळीच्या तापात काशम्मानं कधी पाहिली नव्हती. पण आपल्याला काय कळतंय, असं म्हणून ती एकटीच पुन्हा दवाखान्यात गेली.

गर्दी आधीच्यापेक्षा जास्त होती. डॉक्टरांनी तिला लांबूनच ओळखलं.

"काय काशम्मा, सुनेचा ताप?"

"उतरला जी."

"आणि पाळी?"

काशम्माची कानशिलं तापली. शेजारी भुसार दुकानाचे महादेवप्पा बसलेले, दारात हमाल उभे, आणि हा माणूस ओळखून बसलाय तरी असलं विचारतो! पण डॉक्टरला सांगायलाच पाहिजे. ती टेबलावर वाकली, तोंडावर पदर घेतला आणि कुजबुजली, "चुकली."

"चुकली ना?" डॉक्टरांचा दमलेला चेहरा उजळला. "वा! मला तेच पाहिजे होतं."

आता यात कुणाची चूक काढायची? डॉक्टर विचारत होते तापाच्या पाळीबद्दल. ताप ठरल्या दिवशी उलटून आला नाही, पाळी चुकली, म्हणजे गोळी लागू पडली, असा त्यांचा हिशेब. काशम्मा सांगत होती सुनेच्या पाळीबद्दल. मराठीनं दोन्हीला एकच शब्द करून ठेवलाय, आणि दोघांनाही आपण नेमकं बोललो असं वाटत होतं.

"पण सांधे लई धरल्यात," काशम्मा म्हणाली. "उटता येईना पोरीला."

"हाडात मुरलाय तो. आता जरा कडक औषध देतो. जुनं आहे, पण खात्रीचं. सगळं मुळासकट निघून जाईल." त्यांनी कंपाउंडरला खूण केली, पुडी बांधून काशम्माच्या हातात आली, आणि मागच्या माणसानं तिला पुढं ढकललं.

मुळासकट निघून जाईल. घरी येईपर्यंत ते शब्द तिच्या डोक्यात घुमत राहिले. पाळी चुकली म्हटल्यावर हा माणूस हसला का? मला तेच पाहिजे होतं, म्हणाला का? आणि जुनं औषध म्हणजे कुठलं? मग तिला एकदम आठवलं, की तोंडावर पदर घेऊन, टेबलावर वाकून, हेच कुजबुजायला दुसऱ्याही बायका जातात. ज्यांना मूल नको असतं त्या. आपण पोटचं पाडायला औषध मागतोय असं तर डॉक्टरला वाटलं नाही ना? आपल्याच तोंडानं आपण आपल्या नातवंडाचं मरण मागून आणलं की काय? उंबऱ्यात बसून तिनं पुडी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अंगातली होती नव्हती तेवढी हिंमत गोळा करून ती विचारायला गेली. दवाखान्याला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, "डागदरच पडल्यात की तापानं. कवा उघडंल काय सांगावं."

म्हणजे ज्याला विचारायचं तोच अंथरुणाला खिळलेला. इकडं दाक्षायणी मागं लागली. "अत्ती, द्या की ती गोळी. माजी बोटं तर मिटू द्या." तिला काही सांगायची सोय नव्हती. आधीच दोनदा भोगलेल्या पोरीला कोयनेलचं नाव कसं घ्यायचं? काशम्मानं चुलीपाशी बसून ज्वारीच्या पिठाची हरभऱ्याएवढी गोळी वळली, तव्याच्या कडेला वाळवली आणि सुनेच्या तोंडात घातली.

"ही कडू न्हाय," दाक्षायणी म्हणाली.

"वरून साखर लावत्यात आताशा," काशम्मानं ठोकून दिलं.

मग ती स्वयंपाकघरात आली, दार लोटलं, आणि पदराची गाठ सोडली. गोळी जिभेला लावून पाहिली. कडू. पण पांढरी गोळीही कडूच होती, त्यावरून काय ठरायचं? ठरवायची एकच रीत होती आणि ती फक्त काशम्माला ठाऊक होती. कोयनेल असेल तर कान वाजतील.

पालीला भिणारी ही बाई. तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, डोळे मिटले आणि ती गोळी पाण्याबरोबर गिळली. अर्धं पाणी चोळीवरच सांडलं. मग ती चुलीपुढं बसून राहिली, कान देऊन. बाहेर चिमाबाईची शेळी ओरडली. कुठंतरी बादली वाजली. काशम्मा आपल्याच डोक्याच्या आतलं ऐकत होती. दुपार कलल्यावर आधी बारीक, माशी गुणगुणल्यासारखा आवाज सुरू झाला. तिनं मान झटकली. आवाज गेला नाही, वाढला. आणि थोड्याच वेळात तिला बसम्माचे शब्द जसेच्या तसे आठवले, कारण तिच्या कानात कुणीतरी रहाट फिरवत होतं.

कोयनेल होतं. काशम्मा थंडगार पडली. तिनं पुडी पुन्हा पदराला बांधली आणि शपथ घेतली, की ही गोळी सुनेच्या तोंडात जाणार नाही.

शपथ घेणं सोपं, निभावणं अवघड. शिवपुत्र सुट्टीला आला. बायकोची दशा बघून तो हबकला. "अव्वा, औषिद येळेवर देतीस नव्हं? बाबांचं काय झालं म्हाईत हाय की तुला. येळेवर गोळी मिळाली न्हाय म्हणून गेले."

"देते की," काशम्मा म्हणाली, आणि पीठ मळायला तोंड फिरवून बसली. पोरानं नेमकं जखमेवर बोट ठेवलं होतं. गोळी दिली तर बसम्मा. नाही दिली तर संगप्पा. तो कुर्डुवाडीला परत गेला तरी त्याचं बोलणं घरात राहिलं. रोज दुपार झाली की काशम्मा सुनेच्या कपाळावर हात ठेवून बसायची. आता येईल पाळी, आता भरेल हुडहुडी. आली तर? गोळी द्यायची? मूल जाऊ द्यायचं आणि सून राखायची? तिचे हात पदराची गाठ सोडायचे, परत मारायचे. असला घोर कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आणि एका दुपारी हुडहुडी आली. दाक्षायणीला नाही, काशम्माला.

तापाच्या भरात तिला वाटलं, तिथं पाळी चुकली म्हणून तो माझ्याकडे आला. बरं झालं. माझ्या पोटात आता काय आहे पडायला? उरलेल्या सगळ्या गोळ्या तिनं एकेक करून काही दिवसांत स्वतः खाल्ल्या. कानात रहाटाचं जातं झालं, जात्याची गिरणी झाली. पण ताप काही हटेना. आणि मधला दिवस कोराही जाईना. पाळीच्या तापात मधल्या दिवशी अंग मोकळं होतं, हे तिला तरुणपणापासून पाठ होतं. इथं सलग अंग जळत होतं आणि हाडात कुणी खुंट्या ठोकाव्यात तसे सांधे दुखत होते. अखेर ताप आपला आपण गेला, जाताना तिची बोटं सुजवून, वाकडी करून गेला. भाकरी थापायला बसली तर तळहात उघडेना. तिच्या जन्माचा धंदा त्या तळहातावर होता. ती रडली नाही, तिला रडायचीही भीती वाटत होती.

कोयनेलला न जुमानणारा हा कुठला ताप? पाळीचा ताप निदान ओळखीचा होता. याला तर नावच नव्हतं. चिमाबाई दूध घेऊन आली तीही भिंतीला धरून, कमरेत वाकलेली. गल्लीत ज्याला बघावं तो पैसे पडल्यासारखा जमिनीकडे बघत चाललेला. लोकांनी त्याला हाडमोड्या ताप म्हणायला सुरुवात केली होती. कुणी म्हणे देवीचा कोप, कुणी म्हणे दुष्काळातल्या लाल गव्हाचा गुण.

अशातच एका सकाळी दाक्षायणीनं हाक मारली. आवाज अगदी बारीक होता, कानातल्या गिरणीमुळं सासूला तो दुसऱ्या हाकेला ऐकू आला.

"अत्ती, पोटात दुखायलंय. मागल्या येळेसारकं."

काशम्मा उठली. पायात वहाणा घालता येईनात म्हणून अनवाणीच निघाली. पेठेपर्यंतचा रस्ता तिनं ओट्यांना, खांबांना, उभ्या बैलगाडीला धरून पार केला. दवाखाना उघडा होता. बाकावर सगळी वाकलेली माणसं, आणि टेबलामागं श्रीमंत डॉक्टर स्वतः तसेच, सुजलेल्या बोटांत पेन धरायची खटपट करत बसलेले.

ती दारातूनच ओरडली. आपला आवाज आपल्यालाच नीट ऐकू येत नसल्यानं जरा जास्तच मोठ्यानं ओरडली.

"डागदरसाब! माज्या सुनंला दिवस गेल्यात!"

महादेवप्पांनी मान खाली घातली. ज्या बाईनं नवऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं तिनं ही गोष्ट साऱ्या पेठेला सांगितली होती. पण तिला त्याची शुद्ध नव्हती.

"दिवस?" डॉक्टर म्हणाले. "मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगटलं की! पाळी चुकली म्हनलं न्हवं? चुकली म्हंजी चुकली!"

मग डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... मी तापाची पाळी विचारत होतो, काशम्मा." त्यांना धड उभं राहता येईना. "त्या गोळ्या? दिल्या त्या तिला?"

काशम्माला ऐकू गेलं नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. तिनं पदराची गाठ पुढं केली. तिच्या बोटांना ती सुटेना. डॉक्टर सोडायला लागले, त्यांच्याही बोटांना सुटेना. शेवटी दारातल्या हमालानं दातानं ओढून सोडली. आतून कागद निघाला. रिकामा.

"कुणी खाल्ल्या?" डॉक्टरांनी विचारलं. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन, जवळजवळ रडकुंडीला येऊन ओरडले, "कुणी खाल्ल्या ह्या?"

"म्या!" काशम्मा म्हणाली. "कान वाजत्यात का बगाय एक खाल्ली. मग ताप आला तवा सगळ्या खाल्ल्या. पोरीला पिटाची गोळी दिली."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. बाकावरच्या माणसांना तसंच सोडून, काशम्माचा खांदा धरून ते तिच्या घरी आले. दोघं वाकलेले, दोघं लंगडणारे, कोण कुणाला आधार देतंय ते कळत नव्हतं. त्यांनी दाक्षायणीला तपासलं, पायाखाली उशी देऊन आडवं केलं, काही दिवस हलायचं नाही म्हणून सांगितलं. दिवसभर काशम्मा सुनेच्या पायाशी बसून होती. संध्याकाळपर्यंत कळा थांबल्या. काहीही निघून गेलं नाही.

जाताना डॉक्टरांनी सांगितलं ते असं. पुण्याहून जीप आली होती, माणसांची रक्तं घेऊन गेली. हा मलेरिया नव्हेच. दिवसा चावणाऱ्या डासांचा, सांधे धरणारा वेगळाच ताप आहे. त्याला पांढरी गोळी लागत नाही आणि कोयनेलही लागत नाही. दाक्षायणीचा ताप आपला आपणच उतरला होता. "मीसुद्धा गोळ्या घेतल्या," ते म्हणाले. "काही उपयोग झाला नाही."

"मग म्या गोळी दिली न्हाय तरी काय बिगडणार नव्हतं?" काशम्मा म्हणाली. ज्या दोन भीतींच्या मधे तिचं काळीज इतके दिवस भरडलं गेलं, त्यातली एक मुळात नव्हतीच.

मग आरोग्य खात्याची माणसं आली, बॅटरी लावून रांजणात डोकावली आणि तळाशी वळवळणारे किडे तिला दाखवले. संपेल संपेल म्हणून जपलेल्या पाण्यातच तिनं तो ताप पाळला होता. दुष्काळात सगळी भांडी रस्त्यावर पालथी करायला लागली त्या दिवशी मात्र काशम्मा ढसाढसा रडली.

तिची बोटं आषाढात जराशी उघडली, श्रावणात भाकरी गोल व्हायला लागली. उजवा कान थोडाफार मोकळा झाला. डावा मात्र मिटला तो मिटलाच. गोळ्यांनी म्हणा, वयानं म्हणा.

दिवाळी झाली आणि दाक्षायणीचं पोट दुखायला लागलं. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. सकाळची वेळ. आत सुईण आणि चिमाबाई, बाहेर ओसरीवर काशम्मा दाराशी टेकून बसलेली, मुठीत लिंग धरून. शिवपुत्र अंगणात येरझाऱ्या घालत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एकदम चिमाबाई दारात आली. तिचं तोंड हलत होतं, पण काशम्माला काही ऐकू आलं नाही. मूल रडल्याचंही नाही. तिला वाटलं, संपलं. बसम्माचंही असंच, आवाज न करता गेलं होतं.

"रडंना का गं?" ती ओरडली. "चिमाबाई, रडंना का त्ये? सांग की!"

शिवपुत्र धावत आला. आईचा मिटलेला कान दाराकडे आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि उजवा कान दाराकडे करून बसवलं.

घर डोक्यावर घेणारा तो टाहो कानात शिरला तशी काशम्मा एवढ्या जोरानं दचकली की मुठीतलं लिंग सुटलं. "पोरगी हाय, पोरगी," चिमाबाई तिच्या उजव्या कानात म्हणाली.

"केवढ्यांदा वरडती सटवी!" ती म्हणाली. "घाबरले की मी." आणि सगळ्यांच्या आधी हसत सुटली.